आई, हिरवी झाली का?

मी काय काम करते ते आधी सांगते, नाहीतर मुलांना सुरात गायला शिकवणाऱ्या ॲप्सबद्दलची पुढची कुरकुर नुसती एका आईची वाटेल. मी ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत बसते. गाणारे गाऊन घरी गेले की त्यांचे उतरलेले सूर माउसने धरून वर न्यायचे, चढलेले खाली बसवायचे आणि हे केलंय याचा कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, ही माझी नोकरी. लोक याला सरसकट ऑटोट्यून म्हणतात. त्या नावाचं सॉफ्टवेअर १९९७ साली आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेल शोधणाऱ्यांसाठी जमिनीतून परतणाऱ्या कंपनांचं गणित करायचे. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं आणि माझ्यासारख्यांच्या पोटापाण्याची सोय झाली.

तर दिवसभर माझ्यासमोर सुरांच्या रेघा. आणि घरी सात वर्षांची मनू, जी कुठलंही गाणं तीन सुरांत उरकायची. चाल वर गेली की आवाज मोठा करायची, खाली आली की बारीक. वर-खालीचा तिचा हिशेब एवढाच होता.

कान नाही म्हणावं तर तसंही नव्हतं. मी तिच्या ओळखीची एक ओळ मुद्दाम एका जागी चुकीची गायले, तर लगेच म्हणाली, "असं नाहीये ते." म्हणजे ऐकू बरोबर येत होतं, गळा ऐकत नव्हता. बहुतेक बेसूर मुलांचं असंच असतं. सुरातला फरक मुळातच न कळणारी माणसं असतात, पण शंभरात फार थोडी. बाकीच्यांच्या बाबतीत कान आणि गळा यांची ओळख करून द्यायची राहिलेली असते.

गाण्याच्या बाई आठवड्यातून एकदा. उरलेल्या सहा दिवसांसाठी मी ॲप्स शोधली. आठ महिन्यांत चार वापरून झाली. त्यातल्या तीन शिकवणाऱ्या ॲप्सची नावं देत नाही, कारण प्रत्येकासारखी आणखी ढीगभर आहेत आणि एकीची तक्रार दुसरीला जशीच्या तशी लागू पडते. आमच्या घरात त्यांना पडलेली नावंच वापरते.

पहिलं माशाचं. आवाज वर नेला की मासा वर, खाली आणला की खाली, वाटेत नाणी आणि खडक. मनूला पहिल्या दिवशीच वेड लागलं. मी दुसऱ्या खोलीतून ऐकत होते. मध्येच रुग्णवाहिकेसारखा आवाज यायला लागला, "ऊऽऽऽऊऽऽऽ". बघते तर हिने शोध लावला होता की एका श्वासात भोंगा वाजवल्यासारखं खालपासून वरपर्यंत गेलं की वाटेतली सगळी नाणी मिळतात. सुरावर थांबायची गरजच नाही. पुढे शिट्टीवरही मासा चालतो हे कळलं. मग गाणं राहिलंच बाजूला.

मी वैतागून ते काढून टाकणार होते. पण आठवडाभराने लक्षात आलं की त्या भोंग्यानेच तिचं तीन सुरांचं कुंपण मोडलं होतं. आवाज मोठा करणं आणि वर नेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी सहा महिने तोंडाने सांगत होते. माशाने ते दहा मिनिटांत पटवलं, कारण ओरडलं तर मासा हलत नव्हता. तेव्हा चार ते सहा वर्षांच्या, एकाच सुरावर अडकलेल्या पोरांसाठी हा प्रकार उत्तम. सूर शिकवायचं काम त्याच्याकडून होणार नाही. तीन-चार आठवडे खेळू द्यावं आणि पुढे जावं.

दुसरं रेघेचं. याच्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त रागही याच्यावरच आहे. शिकवणाऱ्याचा सूर पडद्यावर रेघ होऊन सरकतो, मुलाचा सूर त्याच्यावर दुसरी रेघ होऊन उमटतो. जुळलं तर हिरवी, नाहीतर लाल. शेवटी टक्के. म्हणजे माझ्या ऑफिसातलं काम, रंग भरून, मुलांच्या हातात.

टक्के वाढत गेले. साठ, अडुसष्ट, ब्याऐंशी. घरात कौतुक. मला मात्र एक खटकत होतं. गाताना मनूची मान पुढे, डोळे फोनला चिकटलेले आणि प्रत्येक सूर खालून घासत वर यायचा. रांगोळीच्या ठिपक्यावर बोट नेताना मूल कसं डावी-उजवीकडे चाचपतं, तसं. सूर लागला की आनंद नाही, आधी प्रश्न: "आई, हिरवी झाली का?"

एक दिवस मी फोन पालथा घातला. तेच गाणं, तोच तानपुरा, फक्त रेघ दिसत नाही. म्हटलं, गा. सा ठीक लागला. रे डळमळला. ग तर इतका खाली होता की मी तो रेकॉर्ड करून ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजला: चाळीस सेंट उतरलेला. ज्यांना सेंट ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हार्मोनियमच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट, आणि पूर्ण सप्तक, म्हणजे एका सा पासून वरच्या सा पर्यंत, बाराशे सेंटचं. चाळीस उतरलेला म्हणजे जवळजवळ खालच्या पट्टीच्या अर्ध्या वाटेवर. हे कुणालाही ऐकू येतं. तिला आलं नाही, कारण दोन महिने ती ऐकतच नव्हती, बघत होती. डोळ्यांनी गायला शिकली होती माझी मुलगी.

रेघ मुळातच वाईट, असं मात्र म्हणवत नाही. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये ग्रॅहम वेल्च आणि डेव्हिड हॉवर्ड यांनी सिंगॅड नावाचा प्रोग्राम केला होता. बीबीसी मायक्रो या तेव्हाच्या शाळांमधल्या संगणकावर मुलांचा सूर गाता गाता पडद्यावर दिसायचा आणि त्याने मुलांचा सूर सुधारतो असं त्यांनी १९८९ साली निबंधात मांडलं. तेव्हा पडद्यावर बघून काहीतरी शिकता येतं, यात वाद नाही. माझं भांडण रेघ सतत समोर ठेवण्याशी आहे. चालायला लागलेल्या पोराचा हात धरावा, पण कधीतरी तो सोडावाही लागतो. या ॲपमध्ये हात सोडायची सोयच नव्हती. सेटिंग्ज पालथी घातली. रेघेचा रंग बदलता येत होता, जाडी बदलता येत होती, मागे ढगांचं चित्र लावता येत होतं. रेघ लपवता येत नव्हती.

रेघेची दुसरी खोड तिच्या कामाच्या पद्धतीतच आहे. सूर ओळखायला सॉफ्टवेअर काय करतं, तर आवाजाची लाट किती वेळाने पुन्हा तशीच येते ते मोजतं. त्यासाठी त्याला काही लाटा तरी पाहाव्या लागतात, मग हिशेब, मग पडद्यावर चित्र. म्हणजे दिसणारी रेघ नेहमी किंचित शिळी. मूल रेघेकडे बघून आवाज दुरुस्त करायला जातं आणि तोवर सूर पुढे गेलेला असतो, मग ते हमखास पल्याड जातं. त्यात ब्लूटूथ इअरफोन लावले की आणखी शंभर-दोनशे मिलिसेकंदांची भर. मनू सुरुवातीला "हे ॲप माझ्या मागून येतं" म्हणायची. मी लक्ष दिलं नाही. तिचं बरोबर होतं. वायरचे इअरफोन लावल्यावर तो घोळ निम्म्याने कमी झाला.

आणि सप्तकाची उडी. लहान मुलांचा आवाज श्वासाळ असतो, अशा आवाजात यंत्र कधीकधी एका लाटेऐवजी दोन लाटा मिळून एक धरतं. सूर अर्ध्या कंपनांचा, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली दिसतो. मनू सुरात गात असताना रेघ धाडकन तळाला जाऊन लाल व्हायची. मला ऑफिसात हे दिवसातून दहादा दिसतं, मी हसून दुरुस्त करते. सात वर्षांच्या मुलीला ते कोण सांगणार? ती गप्प व्हायची.

याच्या उलटाही प्रकार झाला. एका संध्याकाळी तानपुरा फोनच्याच स्पीकरवर चालू होता, रेघेचं ॲपही चालू, आणि मनू रुसून बसलेली. तोंडातून अवाक्षर नाही. रेघ मात्र सा वर सरळ, हिरवीगार. माइकने तानपुराच ऐकला होता. निकाल आला: उत्कृष्ट. त्या उत्कृष्टवर आम्ही दोघी इतक्या हसलो की रुसवा गेला.

यावर उपाय आमच्या धंद्यातलाच आहे. स्टुडिओत गाणारे हेडफोनची एक बाजू कानावर ठेवतात आणि दुसरी मागे सरकवतात. एका कानात साथ, दुसऱ्या कानाला स्वतःचा मोकळा आवाज. मुलांनाही एकाच कानात इअरफोन द्यावा. माइकला फक्त गळा ऐकू येतो, आणि मुख्य म्हणजे मुलाला स्वतःचा आवाज हवेतून ऐकू येतो. दोन्ही कान बुजवले की चांगले चांगले गायक ओरडायला लागतात.

तिसरं ॲप आम्ही पोपट म्हणायचो. आधी एक माणूस दोन-तीन सूर गातो, मग थांबतो. मूल गातं. मूल गाताना पडदा कोरा. गाऊन झाल्यावर दोन रेघा एकमेकींवर ठेवून दाखवतो आणि दोन्ही आवाज पुन्हा ऐकवतो. दिसायला अगदी ओबडधोबड, मासे नाहीत, नाणी नाहीत. भाषांतर असं की "आपला स्वर सबमिट करा".

पण याने काम केलं. कारण कोऱ्या पडद्यासमोर ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. गाऊन झाल्यावर मी मनूला आधी विचारायचे, "कसा लागला? वर, खाली, की बरोबर?" ती सांगायची, मग रेघ उघडायची. पहिल्या आठवड्यात तिचे अंदाज दहातले चार बरोबर यायचे. महिन्याने आठ. त्या चाराचे आठ होताना सूर आपोआप सुधारत गेला, मी वेगळं काही केलं नाही.

दोष याच्यातही होता, आणि मोठा होता. शिकवणारा आवाज पुरुषाचा. धीरगंभीर, छान आवाज, पण मुलासाठी चुकीचा. मोठा पुरुष मुलापेक्षा एक सप्तक खाली गातो. मुलाने ते मनातल्या मनात वर उचलून घ्यावं अशी अपेक्षा असते. मनूने काय केलं? हनुवटी छातीला लावली आणि म्हाताऱ्या आजोबांसारखी घरघर काढायला लागली. मूल बाईच्या किंवा दुसऱ्या मुलाच्या आवाजाशी जास्त सहज जुळवून घेतं, हे गाणं शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. ॲपमध्ये आवाज बदलायची सोय होती, पण बदलून मिळाला पियानो! पियानोचा सूर ठोकल्याबरोबर विझायला लागतो, त्यात ना श्वास, ना स्वर टिकवणं. मूल त्यातून गळ्याने काय करायचं ते काहीच उचलत नाही. शेवटी मी स्वतःच्या आवाजात तुकडे भरले, कारण सुदैवाने हे ॲप आपलं रेकॉर्डिंग घेतं. ही एक सोय मला बाकी सगळ्या चकचकाटापेक्षा मोलाची वाटते. आईचा, मावशीचा, बाईंचा, कुणाचाही सुरेल आवाज भरा.

पट्टीबद्दलही, म्हणजे सा किती उंचावर धरायचा त्याबद्दलही, इथेच सांगते, कारण बहुतेक ॲप्स इथे मार खातात. सुरुवातीला विचारतात, पुरुष की स्त्री? मूल हा पर्यायच नाही. मुलगी म्हणून स्त्री दाबलं की काळी चार (ही हार्मोनियमच्या पट्ट्यांची नावं) मिळते, म्हणजे सा साधारण २०८ हर्ट्झचा, सेकंदाला तितक्या कंपनांचा. मोठ्या बायकांना ती सोयीची, पण सात वर्षांच्या मुलीचा आवाज तिथे जमिनीला घासतो. मी पांढरी एक केली, म्हणजे सा २६२ च्या आसपास. पहिल्याच दिवशी टक्के दहाने वाढले. मुलगी तीच, गळा तोच. कितीतरी मुलं बेसूर नसतात, त्यांना चुकीच्या पट्टीत उभं केलेलं असतं.

चौथं तर शिकवायचं ॲपच नव्हे. नुसता तानपुरा. पट्टी निवडा, वेग निवडा, लावा. टक्के नाहीत, शाबासकी नाही. मोठ्यांच्या रियाझासाठी यातली फार पुढे गेलेली साधनंही आहेत. नादसाधना नावाचं एक, आयफोन-आयपॅडवरचं, तानपुऱ्यापासून तबल्यापर्यंत साथ करतं आणि सूरही दाखवतं. त्याला २०२१ साली ॲपलचं डिझाइन पारितोषिक मिळालं. पण ते गाणाऱ्याचं हत्यार आहे. मनूसाठी मी साधा तानपुराच ठेवला. फक्त फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर नाही, कारण खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, भरणा त्यातून बाहेरच येत नाही, नुसती वरची झंकार येते. बऱ्यापैकी स्पीकरला वायरने जोडला.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहायचं होतं ती गोष्ट. पोपटाच्या ॲपमध्ये कडक नावाची पातळी आहे, दहा सेंटांपलीकडे गेलं की लाल. मनू तानपुऱ्यावर सा रे ग म्हणत होती, डोळे मिटून. तिचा गंधार, म्हणजे ग, लागला आणि माझ्या हातातला कपडा हातातच राहिला. मोठ्या गाणाऱ्यांचं गाणं दुरुस्त करून बधिर झालेला माझा कान, पण तो गंधार तानपुऱ्यात मिसळून गेला. क्षणभर तिचा आवाज कुठे संपतो आणि तार कुठे सुरू होते ते कळेना. तिने डोळे उघडले, पडदा बघितला. लाल. "स्वर उतरलेला आहे."

तिचा चेहरा पडला. मी तो तुकडा ऑफिसात नेला. सा पासून ३८६ सेंट. ॲपला हवे होते ४००.

झालं असं होतं की ॲपचा गंधार हार्मोनियमचा, सप्तकाचे बारा सारखे भाग करून काढलेला. तानपुऱ्याचा तसा नसतो. खर्जाची तार छेडली की तिच्या पोटात पाचपट कंपनांचाही सूर वाजत असतो आणि तो म्हणजे तार सप्तकातला, वरच्या सप्तकातला, गंधार. तो मोजला तर ३८६ च्या जागी बसतो, हार्मोनियमच्या गंधारापेक्षा चौदा सेंट खाली. मनूने कुणी न सांगता तारेतून तोच उचलला होता. मुलगी बरोबर होती आणि तिला चूक म्हटलं गेलं होतं. पंचमात, म्हणजे प मध्ये, ही भानगड नाही, तिथे फरक दोनच सेंटांचा आहे. म्हणून पंचमावर ॲप आणि तानपुरा दोघंही खूश असतात, भांडण गंधार-निषादावर, म्हणजे ग आणि नि वर, होतं.

मी तिला आकडे सांगितले नाहीत. एवढंच म्हटलं, "त्या ॲपला तानपुरा ऐकू येत नाही गं, तुला येतो." तिला ते लगेच पटलं. उलट तिला ॲपची दयाच आली. आता पातळी मध्यम ठेवली आहे, पंचवीस सेंटांची मोकळीक असते तिथे. एका मुलाच्या गळ्यासाठी तेवढी पुरे आणि यंत्राचा हट्टही खपून जातो.

बारीकसारीक दोन गोष्टी. कुठलंही ॲप घेतलं की फोन विमान मोडवर टाकून ते चालतं का बघा. चालत असेल तर सूर मोजायचं काम फोनवरच होतं. नसेल तर तुमच्या मुलाचा आवाज कुठेतरी पाठवला जात असू शकतो, आणि कुठे ते नियम-अटींच्या चाळीस पानांत शोधावं लागतं. माशाचं विमान मोडवर बंद पडलं. आणि जाहिराती: रेघेच्या ॲपमध्ये सूर लावून झाल्याबरोबर किंचाळणारी जाहिरात यायची, मागच्यापेक्षा दुप्पट आवाजात. कान शिकवणाऱ्या ॲपने असं करावं?

तारे द्यायचेच तर तानपुऱ्याला पाच, पोपटाला चार, माशाला तीन, रेघेला दोन. रेघवाल्यांनी डोळे मिटून गायची सोय दिली, म्हणजे गाताना कोरा पडदा आणि नंतर रेघ, तर मी स्वतः जाऊन दोन तारे वाढवीन. त्यांना मी असं लिहूनही कळवलं. उत्तर आलं की रंगांचे आणखी सहा पर्याय लवकरच येत आहेत.

सध्या आमचं असं चालतं: दहा मिनिटं नुसता तानपुरा आणि आकार, म्हणजे "आ" लावून गाणं, मग पोपटाचे पाच तुकडे, तेही मनूने आधी अंदाज सांगून. नंतर फोनच्या साध्या रेकॉर्डरवर एक गाणं म्हणायचं आणि लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी ऐकायचं. लगेच ऐकलं तर तिला आपण काय गाणार होतो तेच ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी काय गायलं ते ऐकू येतं. काल तिने एक जुनं रेकॉर्डिंग शोधून लावलं, तीन सुरांच्या काळातलं. अर्ध्यात बंद केलं आणि म्हणाली, "ही मुलगी नुसती मोठ्यानं म्हणतेय."

माशाचं ॲप अजून फोनमध्ये आहे. धाकटा साडेतीन वर्षांचा झाला आणि तो सगळी गाणी दोन सुरांत म्हणतो.